सर्च इंजिन आपोआप का बदलतं, आणि फुकटचे ब्राउझर कुणाच्या पैशावर चालतात?

प्रश्न कळव्याच्या एका ताईंचा आहे. त्यांच्या दहावीतल्या मुलीच्या लॅपटॉपवर क्रोमच्या वरच्या पट्टीत काहीही टाइप केलं की गूगल उघडत नाही. क्षणभर एखादा अनोळखी पत्ता चमकतो आणि मग याहूचं नाहीतर बिंगचं पान येतं. सेटिंगमध्ये जाऊन पुन्हा गूगल निवडलं तरी एक-दोन दिवसांत परत तेच. अँटीव्हायरसने सगळं तपासून काही धोका नसल्याचं सांगितलं. दुकानदाराने फॉरमॅट सुचवला, तोही करून झाला. आठवड्याभरात पाहुणा पुन्हा हजर. शेवटी त्यांनी विचारलं आहे की ब्राउझर फुकट मिळतात म्हणूनच हे होतं का, आणि हे फुकटवाले नेमके कमावतात तरी कसे?

ताई, मी शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. तुमच्या लॅपटॉपवर जे चाललं आहे ते कुणीतरी पैशासाठी केलेलं आहे. तो पैसा कुठून निघतो हे कळलं की चोर कुठून शिरला हे शोधणं सोपं जातं.

वरच्या पट्टीत आपण काहीतरी शोधतो, सर्च इंजिन उत्तरं दाखवतं आणि त्यांच्या डोक्यावर जाहिराती लावतं. एखाद्या जाहिरातीवर क्लिक झालं की जाहिरातदाराच्या खिशातून सर्च कंपनीला पैसे जातात. दर क्लिकचा भाव लिलावात ठरतो. कर्ज, विमा, फ्लॅट असल्या शब्दांना भाव चढा असतो, कारण घोडबंदर रोडला घर शोधणारं एक खरं गिऱ्हाईक बिल्डरला फार मोलाचं. हे गिऱ्हाईक सर्च कंपनीच्या दारात आणून सोडलं ब्राउझरने, म्हणून मिळालेल्या पैशातला वाटा ब्राउझरवाल्याला मिळतो. ठाणे स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडताच समोर दिसणाऱ्या गाळ्याचं भाडं आणि आतल्या गल्लीतल्या गाळ्याचं भाडं यांत किती फरक असतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. ब्राउझरची ती पट्टी म्हणजे स्टेशनसमोरचा गाळा, आणि डिफॉल्ट, म्हणजे आधीपासून लावून ठेवलेलं, सर्च इंजिन म्हणजे तिथला भाडेकरू.

हे भाडं किती असावं याचा अंदाज आपल्यासारख्यांना येत नसे, कारण करार गुप्त असत. अमेरिकेच्या न्याय विभागाने ऑक्टोबर २०२० मध्ये गूगलवर खटला भरला आणि त्या सुनावणीत आकडे उघड झाले. एकट्या २०२१ सालात गूगलने डिफॉल्ट जागेसाठी इतर कंपन्यांना २६.३ अब्ज डॉलर दिले होते. त्यातला सर्वांत मोठा वाटा ॲपलचा. २०२२ मध्ये सफारी या स्वतःच्या ब्राउझरमधल्या जागेपोटी ॲपलला सुमारे २० अब्ज डॉलर मिळाले, आणि सफारीतून येणाऱ्या शोधांच्या उत्पन्नातले ३६ टक्के ॲपलकडे जातात हेही साक्षीत बाहेर आलं. ५ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलने सर्चमधली मक्तेदारी बेकायदा मार्गाने टिकवली असा निकाल दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये उपाय ठरले, तेव्हा त्यांनी गूगलला क्रोम विकायला लावलं नाही आणि डिफॉल्टसाठी पैसे मोजण्यावर सरसकट बंदीही घातली नाही. 'आमच्याशिवाय दुसरं कुणी ठेवायचं नाही' अशा अटींचे करार मात्र बंद केले.

पैसे देण्यावर बंदी आली असती तर सर्वांत आधी अडचणीत आला असता तो फायरफॉक्स. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या वित्तप्रमुखांनी मे २०२५ मध्ये याच खटल्यात सांगितलं की कंपनीचं सुमारे ९० टक्के उत्पन्न फायरफॉक्समधून येतं आणि त्यातलं साधारण ८५ टक्के गूगलच्या करारातून. म्हणजे गूगलशी स्पर्धा करणारा ब्राउझर गूगलच्याच पैशावर उभा आहे. अनेकांना हे खटकतं. मला त्याची काळजी वाटते, पण त्यात लबाडी दिसत नाही. मोझिला आपले वार्षिक हिशेब प्रसिद्ध करते, आणि फायरफॉक्समध्ये गूगल काढून दुसरं इंजिन लावायला अर्धा मिनिट पुरतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये मोझिलाने अमेरिकेपुरता याहूशी करार केला होता. तिथल्या बऱ्याच वापरकर्त्यांनी स्वतःच सेटिंगमध्ये जाऊन गूगल परत आणलं, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये मोझिलाही गूगलकडे परतली. लोकांना बदलता आलं, त्यांनी बदललं, आणि ते बदललेलं राहिलं. तुमच्या लॅपटॉपवर नेमकी हीच गोष्ट होत नाहीये.

पैसे घेऊन ब्राउझर विकण्याचा प्रयोग झालेला आहे. नेटस्केप एके काळी विकला जायचा. मायक्रोसॉफ्टने विंडोजसोबत इंटरनेट एक्स्प्लोरर फुकट वाटला आणि जानेवारी १९९८ मध्ये नेटस्केपलाही फुकट व्हावं लागलं. ऑपेराने २००० सालापासून दोन पर्याय ठेवले होते, जाहिरातीची पट्टी सहन करा नाहीतर पैसे भरा. सप्टेंबर २००५ मध्ये त्यांनी दोन्ही काढून टाकले, कारण सर्चच्या करारातून घर चालू लागलं होतं. व्हिवाल्डी सर्च भागीदारांवर आणि आधीच ठेवलेल्या बुकमार्कवर चालतो आणि तसं उघड सांगतो. ब्रेव्ह स्वतःच्या जाहिराती विकतो. क्रोमचं गणित याहून वेगळं आहे: २००८ मध्ये आलेल्या या ब्राउझरमुळे गूगलला स्वतःच्याच दाराशी येण्यासाठी दुसऱ्याला भाडं द्यावं लागत नाही. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरचं त्यांच्याच बिंगशी तसंच नातं आहे.

तेव्हा ताई, फुकट असणं हे तुमच्या दुखण्याचं मूळ नाही. उद्या दरमहा पैसे भरून ब्राउझर घेतलात तरी, विंडोजवर शिरलेला एखादा प्रोग्राम त्याच्या सेटिंगला हात घालू शकतो. ज्या पैशावर फायरफॉक्स जगतो त्याच पैशाच्या मागे चोरही आहेत. मी दोघांना वेगळं ओळखतो ते दोन गोष्टींवरून: बदल करताना तुम्हाला स्पष्ट विचारलं का, आणि तुम्ही पूर्ववत केलेलं तसंच राहतं का. माझ्या दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या प्रत्येक मशीनला मी हे दोन प्रश्न लावतो.

आता तो क्षणभर चमकणारा पत्ता. मुलीने 'पायथागोरस' लिहिलं की तो शोध आधी एका मधल्या डोमेनवर, म्हणजे तिसऱ्याच कुणाच्या वेबपत्त्यावर जातो. तिथे त्याला भागीदाराचा क्रमांक चिकटतो, कधी आणखी एका-दोन डोमेनांतून फिरतो आणि शेवटी याहू किंवा बिंगवर उतरतो. उत्तरं खरीच असतात, त्यामुळे फार लोक तक्रार करत नाहीत. पण जाहिरातीवर झालेल्या क्लिकचा वाटा त्या मधल्या डोमेनच्या मालकाला जातो. सर्च कंपन्या आपली उत्तरं आणि जाहिराती भागीदारांना वापरायला देतात. मूळ करारात फसवून डिफॉल्ट बदलायला मनाई असते, पण भागीदाराचा उपभागीदार आणि त्याचाही उपभागीदार अशी साखळी लांबत गेली की शेवटच्या माणसाला धाक उरत नाही. म्हणून पानावर याहूचं नाव दिसलं तरी तो उद्योग याहूने केला असं समजू नका. मधला पत्ता महत्त्वाचा. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये स्क्रीनचा व्हिडिओ काढलात तर तो वाचता येतो, आणि त्या नावावरून कुठलं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम, जबाबदार आहे हे बऱ्याचदा लगेच सापडतं.

साखळीचं दुसरं टोक तुमच्या लॅपटॉपवर आहे. असा प्रोग्राम किंवा एक्स्टेन्शन एका मशीनवर बसवलं की बसवणाऱ्याला ठरावीक रक्कम मिळते. म्हणून लोकांना हवं असलेलं काहीतरी फुकट द्यायचं आणि त्याच्या इन्स्टॉलरमध्ये हे पाकीट घालायचं, हा धंदा झाला. यात सगळे गल्लीबोळातले नव्हते. जावा या सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलरमध्ये कित्येक वर्षं आस्क या सर्च साइटच्या टूलबारच्या चौकटीत आधीच टिक केलेली असे. त्या काळात आयकराची आणि डिजिटल सहीची बरीच कामं जावाशिवाय होत नसत, त्यामुळे सीएंच्या ऑफिसात तो टूलबार हमखास दिसायचा. २०१५ मध्ये आस्कची जागा याहूने घेतली. त्याच वर्षी सोर्सफोर्ज या नावाजलेल्या साइटवर गिम्प या मोफत चित्र-प्रोग्रामच्या इन्स्टॉलरला जाहिरातीचं वेष्टण चढवल्याचं उघड झालं आणि गिम्प बनवणाऱ्यांनी जाहीर निषेध केला. पुढे साइटचे मालक बदलले, तेव्हा २०१६ मध्ये त्यांनी हा प्रकार बंद केला. जून २०१७ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने फायरबॉल नावाचं असंच प्रकरण समोर आणलं. बीजिंगच्या एका जाहिरात कंपनीचं सॉफ्टवेअर ब्राउझरचं सर्च आणि होमपेज बळकावत होतं. चेक पॉइंटच्या अंदाजाने जगभरातली २५ कोटी मशीन बाधित होती आणि सर्वाधिक भारतात, अडीच कोटींच्या वर. मायक्रोसॉफ्टने हा आकडा फुगवलेला असल्याचं म्हटलं. आकडा कमी धरला तरी आपल्याकडे हे पीक का फोफावतं हे मी रोज बघतो.

आपल्या भागात माझ्याकडे येणाऱ्या लॅपटॉपांत पाहुण्याच्या प्रवेशाची दारं ठरलेली आहेत. पहिलं म्हणजे मराठी टायपिंग. सोसायटीची नोटीस, शाळेचा अर्ज, मंडळाची पावती असं काही मराठीत लिहायचं असतं, म्हणून कुणीतरी 'मराठी टायपिंग सॉफ्टवेअर फ्री डाउनलोड' असं शोधतं. मिळतं काय, तर पैसे देऊन घ्यायच्या सॉफ्टवेअरची क्रॅक केलेली प्रत, नाहीतर गूगलच्या जुन्या टायपिंग साधनाचा इन्स्टॉलर, जो गूगलच्या पानावर आता नाही पण पन्नास भलत्या साइटवर आहे. खरं तर यातलं काहीच लागत नाही. विंडोज १० मध्ये मे २०१९ च्या अपडेटपासून मराठीचा फोनेटिक कीबोर्ड आहे. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, त्यात लँग्वेज, मराठी जोडा आणि कीबोर्डमध्ये मराठी फोनेटिक घ्या. 'namaskar' असं इंग्रजी अक्षरांत म्हणतो तसं टाइप केलं की नमस्कार उमटतं. हे माहीत नसल्यामुळे किती मशीन खराब होतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरं दार म्हणजे फॉर्म. फोटो वीस केबीत बसवा, सही दहा केबीत बसवा, पीडीएफ जोडा, पीडीएफ लहान करा. प्रवेशाचे आणि भरतीचे दिवस आले की रात्री अकराला, शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी, माणूस समोर दिसेल ते मोठं हिरवं डाउनलोडचं बटण दाबतो. त्या पानावर अशी तीन-चार बटणं असतात आणि खरं एकच असतं. घाईत 'ॲड टू क्रोम' असं विचारलं जातं, तेही मान्य होतं. तुमच्या मुलीच्या लॅपटॉपवर बहुधा हेच झालं असावं; पीडीएफचं किंवा 'स्टुडंट' असं काही नाव असलेलं एक्स्टेन्शन दिसतंय का बघा. तिला रागावू नका. ती पानं मोठ्यांनाही फसवायला बनवलेली असतात.

तिसरं दार जरा कमी लोकांना ठाऊक आहे: एक्स्टेन्शन चांगलं असतं, पण विकलं जातं. न वापरलेले टॅब झोपवून ठेवणारं द ग्रेट सस्पेंडर लाखो लोक वर्षानुवर्षं वापरत होते. २०२० मध्ये ते नव्या मालकाकडे गेलं, त्याच्या वागण्याबद्दल शंका उपस्थित झाल्या, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, म्हणून बंद केलं. बसवताना तपासलं होतं म्हणून कायमचं निर्धास्त राहता येत नाही. माझ्या गिऱ्हाइकांना मी सांगतो की गेल्या महिन्यात ज्याची गरज पडली नाही ते एक्स्टेन्शन काढा. पुन्हा लागलं तर पुन्हा बसवता येतं.

आता दुरुस्ती. फॉरमॅट करूनही ते परत आलं, यातच तुमच्या कोड्याचं उत्तर आहे. क्रोममध्ये गूगल खात्याने साइन इन करून सिंक चालू केलं की बुकमार्क, पासवर्ड, एक्स्टेन्शन, सेटिंग सगळं गूगलच्या सर्व्हरवर जातं. लॅपटॉप कोरा झाला, मुलीने आपल्या खात्याने पुन्हा साइन इन केलं, आणि क्रोमने इमानेइतबारे ते एक्स्टेन्शनही परत आणून बसवलं. म्हणून पहिलं काम, क्रोमच्या सेटिंग्जमध्ये सिंक बंद करणं. दुरुस्ती संपेपर्यंत ते बंदच ठेवा.

मग एक्स्टेन्शनची यादी उघडा. उजवीकडच्या तीन ठिपक्यांत एक्स्टेन्शन्स, मॅनेज एक्स्टेन्शन्स. तुम्हाला आणि मुलीला दोघींना ज्याचं कारण सांगता येत नाही ते प्रत्येक काढा. नुसतं बंद करू नका, रिमूव्ह करा. शंका असेल तर सगळी काढा; बुकमार्क जात नाहीत. एखाद्याला रिमूव्हचं बटणच नसेल आणि तीन ठिपक्यांच्या मेनूच्या तळाशी 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन' असं लिहिलेलं असेल, तर मामला थोडा पुढचा आहे. ऑफिसांना आपल्या मशीनवर नियम लावता यावेत म्हणून क्रोममध्ये पॉलिसीची सोय आहे. तीच वापरून पाहुणा स्वतःला 'कंपनीने सक्तीने बसवलेलं' असं जाहीर करतो. पत्त्याच्या पट्टीत क्रोम, कोलन, दोन तिरक्या रेघा आणि पॉलिसी असं इंग्रजीत लिहून एंटर दाबा. घरच्या मशीनवर ती यादी सहसा रिकामी असते. तिथे एक्स्टेन्शन इन्स्टॉल फोर्सलिस्ट असं नाव दिसलं तर चोर सापडला. तो नियम विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सगळ्या सेटिंगच्या अंतर्गत नोंदवहीत, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम या कप्प्यात असतो. करंट यूजर आणि लोकल मशीन अशा दोन्ही ठिकाणी बघावं लागतं. रजिस्ट्रीत हात घालायची सवय नसेल तर हे एवढं काम माहीतगाराकडून करून घ्या, आणि त्याला नेमकं हेच सांगा, म्हणजे तो पुन्हा फॉरमॅट करायला निघणार नाही. एक सावधगिरी: लॅपटॉप ऐरोलीच्या माइंडस्पेसमधल्या नाहीतर महाप्यातल्या एखाद्या कंपनीने दिलेला असेल, तर ते वाक्य खरं असतं. तिथे काही काढायला जाऊ नका, कंपनीच्या आयटीवाल्यांना कळवा.

ब्राउझर साफ झाला की विंडोजकडे वळा. सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स, आणि यादी तारखेप्रमाणे लावा. त्रास सुरू झाला त्या दिवसाच्या आसपास काय काय बसलं ते एकाखाली एक दिसतं, आणि बऱ्याचदा एकाच तारखेला तीन-चार अनोळखी नावं आलेली असतात. ती सगळी काढा. डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या आयकॉनवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज बघा; टार्गेटच्या ओळीत ईएक्सई आणि अवतरणचिन्ह संपल्यावर पुढे एखादा पत्ता जोडलेला असेल तर तो खोडा. सेटिंग एक-दोन दिवसांनी बदलतं असं तुम्ही म्हणता, तेव्हा टास्क शेड्युलरही उघडून पाहा. काढलेली गोष्ट ठरावीक वेळेला परत बसवणारं काम तिथे लावून ठेवलेलं असतं. एवढं झाल्यावर मालवेअरबाइट्सचं ॲडवक्लीनर हे मोफत साधन त्यांच्या स्वतःच्या साइटवरून घेऊन एकदा चालवा. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवरही मोफत साधनं आहेत.

अँटीव्हायरस गप्प का बसला, हेही सांगतो. तुम्ही किंवा मुलीने कुठेतरी 'मान्य' म्हटलेलं असतं, म्हणून कायद्याच्या भाषेत तो व्हायरस ठरत नाही. अशा गोष्टींना 'बहुधा नको असलेले ॲप' असा वेगळा वर्ग आहे, आणि ते अडवण्याचं बटण काही मशीनवर बंद असतं. विंडोज सिक्युरिटीत ॲप अँड ब्राउझर कंट्रोलमध्ये रेप्युटेशन बेस्ड प्रोटेक्शन आहे, तिथे ते चालू करा. काही मोफत अँटीव्हायरस तर स्वतःच 'सुरक्षित सर्च' बसवायचा आग्रह धरतात. त्यालाही नाही म्हणा. कारण वर सांगितलेलंच.

शेवटी क्रोमच्या सेटिंग्जमध्ये रिसेट सेटिंग्ज करा, डिफॉल्ट सर्च इंजिन हवं ते निवडा आणि मॅनेज सर्च इंजिन्सच्या यादीतून अनोळखी नावं पुसून टाका. गूगल खात्यात क्रोम सिंकचा साठवलेला डेटा बघण्याचं एक पान असतं, तिथे तो पुसण्याची सोय आहे. पासवर्ड आणि बुकमार्क लॅपटॉपवर आहेत याची खात्री करून सर्व्हरवरचा साठा पुसा आणि मगच सिंक पुन्हा चालू करा. ही पायरी गाळलीत तर आठवड्याने आपण पुन्हा याच प्रश्नावर येऊ.

एक गोष्ट लोक यातच मिसळतात, ती वेगळी आहे. कोपऱ्यात 'तुमच्या मशीनमध्ये पाच व्हायरस आहेत' असे निरोप येत असतील तर ते बहुतेक वेळा नोटिफिकेशन असतात. कधीतरी एखाद्या साइटला 'अलाउ' म्हटलेलं असतं. साइट सेटिंग्जमधल्या नोटिफिकेशनच्या यादीतून ती साइट काढली की ते थांबतात. त्या निरोपावर क्लिक मात्र करू नका.

या सगळ्यात मधला एक पट्टा आहे, त्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. मार्च २०२४ मध्ये विंडोजवर क्रोम वापरणाऱ्या काहींना मायक्रोसॉफ्टने 'बिंग डिफॉल्ट करा' अशी खिडकी दाखवली. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर 'शिफारस केलेली सेटिंग' म्हणून एज आणि बिंग पुढे येतात. २०२० मध्ये ब्रेव्हमध्ये एका क्रिप्टो एक्स्चेंजचा पत्ता लिहायला घेतला की पुढे कंपनीच्या कमिशनचा कोड आपोआप जोडला जात असे. ते उघड झाल्यावर प्रमुख ब्रेंडन आइक यांनी चूक झाल्याचं मान्य केलं आणि तो प्रकार काढला. यातलं काही मी मालवेअर म्हणणार नाही, कारण शोधलं तर बंद करता येतं. पण नावाजलेल्या कंपनीनेही विचारल्याशिवाय हात घातला तर तिला सांगायला हवं, आणि सांगितलं की फरक पडतो. आपल्याकडेही पडला आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला आणि मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो दंड कायम ठेवला. त्याआधीच, जानेवारी २०२३ मध्ये, गूगलने भारतात नव्या अँड्रॉइड फोनवर सुरुवातीला सर्च इंजिन निवडायची सोय देण्याचं मान्य केलं. नवा फोन घेतलात आणि सुरू करताना तो प्रश्न आला, तर घाईने पुढे जाऊ नका.

फॉर्म भरून देणाऱ्या झेरॉक्सच्या दुकानांबद्दलही सांगतो, कारण दहावीनंतर तुम्हाला तिथे जावं लागेलच. ठाण्यात कोर्टाच्या, तहसीलच्या आजूबाजूला अशी दुकानं भरपूर आहेत आणि माणसंही भली असतात. पण एकाच मशीनवर दिवसभर पन्नास जण पेनड्राइव्ह लावतात आणि कुणीकुणी काय काय बसवतं. तिथे जाऊन आपल्या गूगल खात्याने क्रोममध्ये साइन इन करू नका, नाहीतर तुमचा सगळा साठा त्या मशीनवर उतरतो. इन्कॉग्निटो खिडकी उघडून त्यातच मेल किंवा पोर्टल उघडा, काम झालं की लॉग आउट करा आणि खिडकी बंद करा. ओटीपी तुम्हीच टाइप करा.

राहिला पासवर्डचा प्रश्न. असल्या एक्स्टेन्शनला बसवताना बहुधा 'सर्व साइटवरचा डेटा वाचणं आणि बदलणं' ही परवानगी मिळालेली असते. ते फक्त सर्च वळवत होतं की आणखी काही वाचत होतं, हे बाहेरून सांगता येत नाही. म्हणून त्या काळात या लॅपटॉपवरून बँकेत, मेलमध्ये किंवा शाळेच्या पोर्टलवर लॉगिन झालं असेल, तर ते पासवर्ड बदला. आधी मेलचा, मग बँकेचा, आणि हे काम दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून किंवा तुमच्या फोनवरून करा. मेलला दोन टप्प्यांची पडताळणी लावा. बळकावलेल्या सर्चमध्ये बँकेच्या किंवा वीजबिलाच्या कस्टमर केअरचा नंबर शोधून कुणी फोन केला होता का, हेही घरात विचारून घ्या. खोटे नंबर अशाच पानांवर वर येतात. तसा फोन झाला असेल आणि पैसे गेले असतील, तर एक तासही न थांबता १९३० वर कळवा आणि बँकेला लेखी द्या.